काढता येणारी पाटी

सकाळच्या वेळी पणजीच्या किंवा इंदूरच्या एखाद्या गजबजलेल्या रस्त्याने एक मोटार चाललेली असते. तिच्या पुढे आणि मागे पांढऱ्या चौकोनात तांबडे ‘एल’ अक्षर असते. ते पाहून मागचा बसचालक वेग आवरतो. स्कूटरवाला जरा अंतर राखून पुढे जातो. चौकातला पोलीसही क्षणभर थांबून त्या गाडीला वाट मोकळी करून देतो. वस्तुतः त्या गाडीच्या चाकावर बसलेले गृहस्थ वीस वर्षे मोटार चालवीत आलेले असतात. शिकत असते ती त्यांची मुलगी, आणि तिचा पाठ आदल्या दिवशी संध्याकाळी झालेला असतो. पाटी काढावयाची राहून गेली, इतकेच.

यात कोणाचे काही बिघडले असे वरकरणी दिसत नाही. परंतु दुसऱ्या दिवशी तोच बसचालक तशीच पाटी असलेली दुसरी गाडी पाहतो आणि मनात म्हणतो, ‘ही पण घरच्यांनी काढली नसेल!’ तो भोंगा वाजवीत अगदी जवळून गाडी काढतो. या दुसऱ्या गाडीत मात्र खरोखरच कोणी नवशिका बसलेला असतो आणि त्याचा हात कापतो. एका खोट्या ठरलेल्या पाटीची किंमत अशी दुसऱ्या खऱ्या पाटीला मोजावी लागते.

वाहनावर लोहचुंबकाने चिकटणारी आणि हाताने सहज निघणारी पाटी ही आज साधी, स्वस्त, कोणाचे विशेष लक्ष न जाणारी वस्तू आहे. शिकाऊ चालकाची खूण, दुकानाचे नाव, दुरुस्तीच्या गाडीचा फलक अशी अनेक कामे ती करते. तिच्या पाठीशी असलेला इतिहास मात्र बराच लांबचा आहे, आणि तो समजला म्हणजे ती कशी वापरावी व कशी सांभाळावी हेही आपोआप समजते.

वाहनावरील खुणांची सुरुवात झाली ती कायम राहणाऱ्या खुणांपासून. मोटारी रस्त्यावर आल्या तेव्हा लोकांच्या मनात पहिला प्रश्न उभा राहिला तो असा, की धक्का देऊन धूळ उडवीत निघून गेलेली ही गाडी कोणाची? पॅरिसच्या पोलिसांनी 1893 साली मालकाचे नाव, पत्ता आणि क्रमांक असलेली धातूची पट्टी गाडीवर लावण्याची सक्ती केली. ब्रिटनमध्ये 1903 च्या मोटार कायद्यान्वये 1 जानेवारी 1904 पासून नोंदणी क्रमांक आवश्यक झाला. हिंदुस्थानासाठी मोटारींचा पहिला अखिल देशी कायदा 1914 साली झाला. या सर्व खुणा गाडीच्या होत्या. गाडी जोवर गाडी आहे तोवर क्रमांक तिच्या अंगावर राहावा, हाच त्यांचा हेतू होता.

दुकानदारांनी आणि कारखानदारांनी आपापल्या गाड्यांवर जी नावे लिहवून घेतली, तीही याच जातीची. आपल्याकडे हे काम वर्षानुवर्षे रंगाऱ्याने केले. दोरीने रेघ आखावी, खडूने अक्षरे मांडावी, मग कुंचल्याने एकेक वळण भरावे, ही कला मालमोटारींच्या फळ्यांवर अजूनही कोठे कोठे दृष्टीस पडते. पण रंगाने लिहिलेले नाव गाडीला जन्माचे चिकटते. गाडी विकली की ते खरवडावे लागते. सकाळी दुकानाचा माल आणि संध्याकाळी घरची माणसे नेणाऱ्या एकाच गाडीला हे नाते अवघड वाटू लागते.

गाडीची नव्हे, तर गाडी चालवणाऱ्या माणसाची स्थिती सांगणारी खूण रूढ झाली तेव्हा या अडचणीला निराळेच रूप आले. ब्रिटनमध्ये 1935 साली चालकाची परीक्षा सुरू झाली आणि त्याच वर्षी शिकाऊ चालकासाठी तांबड्या ‘एल’ची पाटी आली. ही खूण गाडीवर लावावयाची असली तरी ती गाडीबद्दल काहीच बोलत नाही. ‘या क्षणी चाकावर बसलेला माणूस शिकत आहे,’ एवढेच ती सांगते. चालक बदलला की तिचे म्हणणे खोटे ठरते. म्हणूनच, शिकाऊ चालक गाडी चालवीत नसेल तेव्हा पाटी काढावी किंवा झाकावी, असा उपदेश ब्रिटनच्या मार्गसंहितेत आहे. शिकवणी देणाऱ्या संस्थांच्या गाड्यांना तेवढी सूट आहे. आपल्या देशातही 1989 च्या केंद्रीय मोटारवाहन नियमांनी या खुणेची मापे ठरवून दिली आहेत. पांढरा चौकोन प्रत्येक बाजूस निदान 18 सेंटिमीटर असावा, आणि तांबडे अक्षर निदान 10 सेंटिमीटर उंच, 2 सेंटिमीटर जाड व तळाशी 9 सेंटिमीटर रुंद असावे.

पाटी काढावी हे सांगणे सोपे, करणे कठीण. रंगविलेले अक्षर निघत नाही. गोंदाने चिकटवलेला कागद काढताना फाटतो आणि पत्र्यावर डाग ठेवतो. दोरीने बांधलेला पुठ्ठा वाऱ्याने फडफडतो. जी वस्तू घट्ट बसेल, पण हवी तेव्हा खूण न ठेवता सुटेल, अशी वस्तू हवी होती, आणि ती मनुष्याला फार जुन्या काळापासून ठाऊक असलेल्या एका दगडात दडलेली होती.

लोहचुंबकाला संस्कृतात अयस्कान्त म्हणतात. लोखंडाला जो प्रिय तो अयस्कान्त. कालिदासाने ‘कुमारसंभवा’त त्याची उपमा योजिली आहे. सुश्रुतसंहितेत तर त्याला शस्त्रवैद्याच्या साधनांमध्ये स्थान मिळाले आहे: शरीरात रुतलेले लोखंडी शल्य बाहेर काढण्यास त्याचा उपयोग सांगितला आहे. पश्चिमेकडे संत ऑगस्टीनने ‘ईश्वरनगरी’ या आपल्या ग्रंथाच्या एकविसाव्या खंडात एका मेजवानीतील प्रयोग नोंदवून ठेवला आहे. चांदीच्या ताटावर लोखंडाचा तुकडा ठेवला होता. ताटाखालून लोहचुंबक फिरविला तसा तो तुकडा वर इकडून तिकडे धावू लागला, आणि मधली चांदी मात्र जागची हलली नाही. सोळाशे वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आजच्या पाटीलाही जसेच्या तसे लागू पडते, ते पुढे दिसेलच.

या चमत्काराला शास्त्राची बैठक देण्याचे मोठे काम विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने केले. त्याचा लोहचुंबकावरील ग्रंथ 1600 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. पृथ्वी हीच एक प्रचंड लोहचुंबक आहे, हा त्याचा सिद्धांत सर्वांना परिचित आहे. लोहचुंबक लाल होईपर्यंत तापविला असता त्याचे आकर्षण नाहीसे होते, हेही त्याने दाखवून दिले.

तरीही गिल्बर्टनंतर तीनशे वर्षे लोहचुंबकाची पाटी होऊ शकली नाही. पोलादी लोहचुंबक जड आणि मनाचा कच्चा. शाळेच्या प्रयोगशाळेतील नालाच्या आकाराचा लोहचुंबक आठवावा: त्याच्या दोन टोकांवर लोखंडाचा तुकडा आडवा ठेवावा लागतो, नाही तर त्याची शक्ती हळूहळू ओसरते. असा लोहचुंबक लांब किंवा वाकवलेलाच असावा लागे. त्याची पातळ पट्टी केली तर ती स्वतःचेच चुंबकत्व गमावून बसे.

या कोंडीतून वाट निघाली ती जपानात. योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई या दोन संशोधकांनी 1930 साली टोकियोत फेराइट नावाच्या पदार्थांवरील आपले शोध पुढे आणले. फेराइट म्हणजे लोखंडाचे ऑक्साइड आणि दुसऱ्या एखाद्या धातूचे ऑक्साइड यांचा भट्टीत भाजून केलेला संयोग. मडक्याच्या खापरीसारखा कठीण आणि ठिसूळ, पण चुंबकीय. पुढे हॉलंडमध्ये आइंडहोव्हेन येथील फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेने बेरियमचे फेराइट तयार केले आणि 1952 साली ते जगापुढे ठेवले. त्याला निकेल नको की कोबाल्ट नको, त्यामुळे ते स्वस्त. शिवाय एकदा अंगी आलेले चुंबकत्व ते सहजासहजी सोडीत नाही, म्हणून त्याची पातळ चकती किंवा पट्टीही शक्ती राखून राहते. बऱ्याच ठिकाणी बेरियमची जागा पुढे स्ट्राँशियमने घेतली.

खापरीसारखा हा पदार्थ दळून त्याची पूड केली आणि ती रबरात किंवा प्लॅस्टिकमध्ये मळली, तेव्हा वाकणारा लोहचुंबक जन्मास आला. त्याची कात्रीने पट्टी कापता येते, गुंडाळी करता येते. त्याच्या सुरुवातीच्या मोठ्या उपयोगाशी एक करुण हकिगत जोडलेली आहे. जुन्या शीतकपाटांच्या दारांना बाहेरून अडकणारी कडी असे. खेळताना आत शिरलेल्या मुलांना ते दार आतून उघडता येत नसे, आणि कित्येक मुले गुदमरून मेली. अमेरिकेत 1956 साली यासाठी कायदा झाला आणि 1958 च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीपासून बनणाऱ्या प्रत्येक शीतकपाटाचे दार आतून ढकलून उघडता येईल असे करणे भाग पडले. दाराच्या कडेच्या रबरी गोठातच लोहचुंबकाची पट्टी घातली, की दार घट्ट बसते आणि लहान हातांनी ढकलले तरी उघडते. धरून ठेवण्याइतके बळ, पण कोंडून ठेवण्याइतके नाही, हा या वाकणाऱ्या लोहचुंबकाचा खरा गुण होय. गाडीवरच्या पाटीला नेमका तोच गुण हवा होता.

अशी पाटी पत्र्याला धरते कशी, हे समजावून घेण्याजोगे आहे. तिच्या मागच्या बाजूस उत्तर आणि दक्षिण ध्रुवांच्या अरुंद पट्ट्या एकीशेजारी एक आखलेल्या असतात. डोळ्यांना त्या दिसत नाहीत, पण हाताला कळतात. अशा दोन पट्ट्यांच्या काळ्या बाजू एकमेकींवर ठेवून सरकविल्या, तर एका दिशेने त्या सरळ सरकतात आणि दुसऱ्या दिशेने टकटक अशा पायऱ्या लागतात. ध्रुव इतके जवळजवळ असल्यामुळे आकर्षण पृष्ठभागाशी चांगले जोरदार असते, पण काही मिलिमीटर दूर जाताच ते जवळजवळ संपते. म्हणून पाटी आणि पत्रा यांच्यामध्ये काय आहे, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो. धुळीचा थर, मेणाचा लेप, पाण्याचा थेंब, पत्र्यावरचा पोचा, या सर्वांमुळे अंतर पडते, आणि अंतर पडले की पकड गेली.

पाटी सांभाळण्याचे सर्व नियम या एका गोष्टीतून निघतात. पाटी लावण्यापूर्वी पत्रा आणि पाटीची मागची बाजू सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून दोन्ही पूर्ण कोरडी करावीत. पाटी सपाट जागी किंवा एकाच दिशेने किंचित वळलेल्या जागी लावावी. दाराच्या उठावाच्या रेषेवर, फटीवर किंवा कडेवर ती चढू देऊ नये. लावताना ती घासत ओढू नये, कारण मध्ये सापडलेला वाळूचा कण पत्र्यावर ओरखडा काढतो. जागा चुकली तर पाटी उचलून पुन्हा ठेवावी. काढतानाही एका कोपऱ्याला धरून हिसका देऊ नये. कडेखाली बोटे घालून ती दोन्ही हातांनी उचलावी. कोपरे गोल कापलेले असतील तर ते लवकर उचकटत नाहीत.

उचकटलेला कोपरा ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 40 किलोमीटरला जो दाब असतो तो 80 किलोमीटरला दुप्पट नव्हे, चौपट होतो. पाटी सर्व बाजूंनी पत्र्याला टेकलेली असेल तर वारा तिच्यावरून निघून जातो. पण पुढची कड सुटली की तो आत शिरतो आणि ती पाटी क्षणात उडवतो. हमरस्त्यावर उडालेली पाटी मागच्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर आदळली तर काय होईल, याची कल्पना सहज करता येते. म्हणून प्रत्येक प्रवासापूर्वी पाटीच्या चारही कडांवरून एकदा हात फिरवावा, आणि यंत्राने गाडी धुवावयाची असेल तर ती आधी काढून ठेवावी.

रंगाच्या बाबतीतही थोडा धीर धरावा लागतो. नव्याने रंगविलेल्या पत्र्यावर पाटी लावण्यापूर्वी सुमारे 90 दिवस, वरच्या पारदर्शक लेपासाठी सुमारे 60 दिवस आणि मेण चढविले असल्यास दोन दिवस थांबावे, असे पाट्यांचे कारखानदार सांगतात. ओला रंग वरून वाळलेला दिसला तरी आतून कडक झालेला नसतो. पाटी महिनोन्‌महिने एकाच जागी ठेवली तर तिच्याखाली ओल आणि मळ साचतो. शिवाय भोवतीचा रंग उन्हाने फिका पडतो आणि पाटीखालचा तसाच राहतो, त्यामुळे पाटी काढल्यावरही तिचा चौकोन पत्र्यावर दिसत राहतो. यावर उपाय एकच: पाटी वारंवार काढावी, पुसावी आणि पुन्हा लावावी.

उन्हाबद्दल एक गैरसमज होण्याचा संभव आहे. उष्णतेने चुंबकत्व जाते हे गिल्बर्टने दाखविले, तेव्हा वैशाखातल्या उन्हात पाटीची शक्ती जाईल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या फेराइटांचे चुंबकत्व नाहीसे होण्यास सुमारे 450 अंश सेंटिग्रेड तापमान लागते; उन्हात तापलेला पत्रा त्याच्या जवळपासही जात नाही. ऊन बाधते ते रबराला आणि प्लॅस्टिकला. ते मऊ पडतात, आक्रसतात, वाकडे होतात, आणि वाकडी झालेली पाटी पत्र्याला टेकत नाही. म्हणून काढलेली पाटी गाडीच्या काचेपाशी उन्हात टाकू नये. घरातल्या लोखंडी कपाटाच्या सपाट बाजूवर ती चिकटवून ठेवावी. गुंडाळावीच लागली तर छापील बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळावी.

इतके करूनही काही गाड्यांवर पाटी बसतच नाही, आणि येथे संत ऑगस्टीनच्या चांदीच्या ताटाची आठवण होते. लोहचुंबकाला लोखंड हवे. महायुद्धानंतर पोलादाची टंचाई असल्यामुळे ब्रिटनमध्ये 1948 साली निघालेल्या लँड रोव्हर गाडीचा बराचसा सांगाडा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पत्र्याने मढविला गेला. 1953 च्या शेव्हरोले कॉर्व्हेटचे अंग काचतंतूंचे होते. 1981 साली आलेल्या डीलोरियन मोटारीचे पत्रे पोलादाचेच, पण अशा न गंजणाऱ्या जातीचे की लोहचुंबक त्यांना धरीत नाही. अमेरिकेत अतिशय खपणाऱ्या फोर्ड एफ-150 या मालमोटारीचे अंगही 2015 च्या नमुन्यापासून ॲल्युमिनियमचे झाले. अपघातानंतर ज्या जागी पुट्टी भरून वर रंग दिलेला असतो, तेथेही पकड मिळत नाही. पाटी विकत घेण्यापूर्वी साधा लोहचुंबक पत्र्याला लावून पाहणे, ही सर्वांत स्वस्त परीक्षा होय.

ज्या देशात फेराइटचा शोध लागला, त्याच जपानात काढता येणाऱ्या पाटीला कायद्यात मानाचे स्थान मिळाले. तेथे 1972 साली नव्या चालकांसाठी अर्धे पिवळे आणि अर्धे हिरवे, कोवळ्या पानासारखे चिन्ह आले. परवाना मिळाल्यापासून एक वर्षपर्यंत ते गाडीच्या पुढे आणि मागे, जमिनीपासून 0.4 ते 1.2 मीटर उंचीवर लावणे बंधनकारक आहे. लोहचुंबकी पाटीच्या रूपात ते सर्वत्र विकले जाते. या कायद्याचा दुसरा भाग अधिक विचार करण्याजोगा आहे. हे चिन्ह असलेल्या गाडीला विनाकारण दाबणे किंवा तिच्यापुढे घुसणे हा इतर चालकांचा अपराध ठरतो. म्हणजे पाटी एकाने लावावयाची आणि कर्तव्य दुसऱ्यांवर यावयाचे. वृद्ध चालकांसाठी 1997 साली तेथे नारिंगी-पिवळ्या पानाचे चिन्ह आले तेव्हा, हे तर वाळलेले पान, असा त्यावर आक्षेप निघाला, आणि 2011 साली त्याऐवजी चार पानांचे नवे चिन्ह देण्यात आले. खूण लावणाऱ्याची प्रतिष्ठा राखली तरच तो ती मनापासून लावतो, हे यातून दिसते.

खूण एकाची आणि कर्तव्य दुसऱ्याचे, या व्यवहाराला विश्वासाचा आधार लागतो. 1864 च्या जिनीव्हा करारापासून पांढऱ्यावरील तांबडा क्रॉस रणांगणावर रुग्णांना आणि त्यांच्या सेवकांना संरक्षण देत आला. त्या चिन्हाचा हवा तसा वापर होऊ नये म्हणून भारतात 1960 साली जिनीव्हा करारांसंबंधीचा कायदा झाला, आणि केंद्र सरकारच्या परवानगीवाचून ते वापरण्यास मनाई झाली. अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरील तांबड्या दिव्याची गोष्ट सर्वांच्या स्मरणात आहे. संकटाची वर्दी देण्यासाठी असलेला दिवा मोठेपणाची खूण होऊन बसला, आणि 1 मे 2017 पासून तो मंत्र्यांच्या व अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरून उतरविण्यात आला. नोंदणी क्रमांकाच्या बाबतीत सरकारने उलट मार्ग धरला. 1 एप्रिल 2019 पासून नव्या वाहनांना जी अतिसुरक्षित क्रमांकपट्टी आली, ती अशा कुलपी खिळ्यांनी बसवितात की न तोडता ती निघूच नये. गाडीची ओळख काढता येऊ नये, हे योग्यच आहे.

चालकाची स्थिती सांगणारी पाटी मात्र काढता आलीच पाहिजे, आणि तिला कुलपी खिळा कधीच लावता येणार नाही. ती कपाटावरून उचलून गाडीवर लावणारा आणि गाडीवरून काढून कपाटावर परत ठेवणारा हात घरातलाच असतो. मुलीचा पाठ संपला, गाडी अंगणात उभी राहिली, किल्ली खुंटीला अडकवली, की त्याच फेरीत पाटीही काढावी, मागची बाजू फडक्याने पुसावी आणि कपाटाच्या पत्र्यावर लावून ठेवावी. या कामाला अर्धे मिनिट लागते. तेवढ्याने पाटी टिकते, रंग टिकतो, आणि दुसऱ्या दिवशी कोठल्याशा अनोळखी रस्त्यावर कापत्या हाताने गाडी चालवणाऱ्या कोणा नवशिक्याला मागचा बसचालक वाट देतो.